माझ्या मुलाचं खोटं चालणं

माझा मुलगा जन्मल्यावर काही दिवसांतच चालायला लागला होता, असं मानणारे लोक जळगावच्या पिंप्राळ्यात अजूनही आहेत. कधी सासरी गेले की भाजीच्या गाडीजवळ भेटतात, पोराकडे टक लावून बघतात आणि विचारतात, "हाच ना तो? चालणारा?" त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव असतो तो दोन डोक्यांच्या वासराकडे बघतानाही माणसाच्या चेहऱ्यावर येतो. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता नुसती मान हलवते आणि मेथीची जुडी उचलते.

बाळंतपणाला मी माहेरी, धुळ्याला होते. जन्माच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई माझ्या खाटेपाशी आल्या आणि त्यांनी बाळाला उघडं करून तपासलं. तळहातात बोट ठेवलं, त्याने ते घट्ट धरलं. डोकं हातावर घेऊन किंचित खाली सोडल्यासारखं केलं, तर दोन्ही हात फाकून तो दचकला आणि मग कुणाला तरी मिठी मारावी तसे हात जवळ आणले. शेवटी त्यांनी त्याला काखेत धरून उभं केलं. तळपाय गादीला लागले आणि त्याने एक पाय उचलला, पुढे टाकला, मग दुसरा. मी हसले. बाई म्हणाल्या, "सगळीच बाळं करतात असं. हे चालणं नाही, शरीरात आपोआप होतं. दोनेक महिन्यांत जाईल. जायलाच पाहिजे. मग खरं चालायला पुढे वर्ष आहे." त्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

इतकी साधी गोष्ट. बाईंनी चार वाक्यांत सांगितली, मला चार वाक्यांत कळली. माझ्या सासरच्या माणसांना ती अख्ख्या उन्हाळ्यात कळली नाही.

बाळ बघायला जळगावहून सगळे एकदमच आले. सासूबाई, सासरे म्हणजे आमचे आबा, माझे जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्यांच्या दोघी मुलींना शाळा होती म्हणून शेजारी ठेवल्या होत्या.

जेठांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. पिंप्राळ्यात मोबाइलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते क्लास चालवतात. अक्षर सुधारणे, पाढे वेगाने म्हणणे, स्मरणशक्ती वाढवणे असले क्लास. त्यांचं स्वतःचं अक्षर कुणी पाहिलेलं नाही, कारण फळ्यावर अक्काच लिहून ठेवते. स्मरणशक्तीचं म्हणाल तर बायकोचा वाढदिवस त्यांना मोबाइल सांगतो. पण आवाज मोठा आहे. "मित्रांनो" म्हणून ते घरातल्या माणसांनाही हाक मारतात. सकाळी चहा मागतानासुद्धा हा माणूस आपल्याला काहीतरी शिकवतो आहे असं वाटतं. आणि लोकांना शिकवून घ्यायची इतकी हौस असते की त्यांचे दोन्ही वर्ग नेहमी भरलेले.

तर त्या दिवशी त्यांनी बाळाला माझ्या मांडीवरून उचललं. काखेत धरून आमच्या लाकडी दिवाणावर उभं केलं. मान एका बाजूला कलंडली. माझी आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"भाऊ, त्यानी मान धरा! धाकलं लेकरू शे ते. कसाले उभा करतस त्याले?"

तेवढ्यात बाळाने पाय उचलला. एक पाऊल, दुसरं पाऊल.

"अरे! अरे, चालतोय!" जेठ ओरडले. "मोबाइल काढ! कुणीतरी मोबाइल काढा!"

आबांनी चष्मा पुसला. "चालून राह्यला ना पोरगा!" असं म्हणून त्यांनी दिवाणाला हात लावून पाहिला, जणू करामत लाकडात असावी. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अक्काने मोबाइल काढला, कारण मोबाइल काढणं हे तिचं काम.

मी म्हणाले, "दादा, असं सगळ्याच बाळांना येतं. डॉक्टरांनी सांगितलंय. आपोआप होतं, आणि थोड्या दिवसांनी जातं."

जेठ माझ्याकडे बघून हसले. क्लासमध्ये चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे ते असंच हसत असतील. "तू फार्मसी केलीयेस ना? औषधाच्या दुकानात बसल्याने माणूस डॉक्टर होत नाही. आणि डॉक्टरांना तरी काय कळतं? ते आजार बघतात. मी पोटेन्शियल बघतो."

ते पोटेन्शियल संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या गणगोताच्या मोबाइलवर पोचलं होतं. पहूरच्या मामेसासऱ्यांचा फोन आला, पोराला जमिनीवर फार चालवू नका, दृष्ट लागेल. नात्यातल्या कुणी अंगठे पाठवले, कुणी हात जोडले. माझ्या नवऱ्यानेही नरडाण्याहून, तो कामाला आहे त्या कारखान्यातून, टाळ्या पाठवल्या. तेव्हाच मला त्याची पुढची सगळी भूमिका कळायला हवी होती. माझा नवरा वाईट माणूस नाही. तो कुठल्याच बाजूचा माणूस नाही. जिथे गलका असेल तिथे उभा राहून हसतो.

आमच्याकडे बातम्या देणारे काही तरुण असतात. त्यांच्याजवळ एक माइक आणि एक मोटरसायकल असते, आणि गटारीपासून भागवत सप्ताहापर्यंत सगळ्याची बातमी ते एकाच सुरात ओरडून देतात. त्यातला एक जेठांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने तो व्हिडिओ ढोलताशे लावून दाखवला आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, "खान्देशात चमत्कार". त्याने मला फोन केला आणि विचारलं, "ताई, गरोदरपणात तुम्ही नेमकं काय खात होता?" मी म्हणाले, "कळण्याची भाकरी." त्याने ती ज्वारी-उडदाची भाकरीही दाखवली. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या दोन गरोदर बायकांना घरच्यांनी रोज कळण्याची भाकरी खायला लावली. त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली, पण बाकी कुणाची नाही.

सव्वा महिना झाल्यावर मी पिंप्राळ्याला आले. घरात पाऊल टाकलं तर जेठांनी टीपॉयवर रबरी चटई अंथरून ठेवलेली. सकाळी आंघोळ झाली की ते बाळाला घेत, चटईवर उभं करत आणि "लेफ्ट, राइट" म्हणत. बाळ पाय टाकायचं. पाहायला शेजारपाजार यायचा. बायका दारात चपला काढून आत यायच्या, कुणी नारळ आणायच्या. अक्का सगळ्यांना चहा करायची. चहाच्या वाफेत तिचा चेहरा कसा दिसायचा ते मी पाहत होते, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

त्या दिवसांत माझ्या मुलाच्या अंगात खरोखर काय काय चाललं होतं ते पाहायला मात्र एकालाही सवड नव्हती. जन्मल्यापासून घट्ट मिटलेल्या त्याच्या मुठी हळूहळू सैल पडत होत्या. आत मळ आणि दुपट्याचे धागे साठलेले असायचे, ते मी ओल्या कापडाने काढायचे, आणि काढताना लक्षात यायचं की आज बोटं जरा कमी अडवताहेत. उताणा पडला की तो एका बाजूला तोंड वळवायचा, त्या बाजूचा हात सरळ आणि दुसरा दुमडलेला, धनुष्य ताणल्यासारखा. दुपारी सगळे झोपले की मी त्याला गोधडीवर पालथं टाकायचे आणि समोर स्वतःही पालथी पडायचे. आधी तो नुसता नाक घासायचा आणि चिडायचा. मग एकदा त्याने डोकं उचललं. ते थरथरलं, क्षणभर वर राहिलं, त्याने मला पाहिलं आणि ते धप्पकन खाली आलं. भारी ओझं उचलून ठेवल्यावर हमाल सोडतो तसा सुस्कारा त्याने सोडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी मी उत्साहाने सांगितलं, "आज त्याने मान उचलली."

सासूबाई म्हणाल्या, "मान काय, चालतोय तो."

मी पोराला उचलून आत गेले.

आणि मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. पावलं कमी होऊ लागली. आधी दोन टाकून थांबायचा, मग एकच. मग टीपॉयवर उभं केलं की गुडघे दुमडायचे आणि पाय बेडकासारखे पोटाशी जायचे. जेठांनी तेल बदललं. मालिशवालीला सांगितलं, पाय जोरात ओढ. मी तिला दारातूनच परत पाठवलं, तर घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोलेना.

"तू त्याला पालथं टाकतेस, म्हणून हे झालं," जेठ म्हणाले. "पाय विसरले. मेंदूला एकाच वेळी दोन आज्ञा गेल्या."

"दादा, जायचंच असतं ते."

"आलेली विद्या जात नसते. घालवली जाते."

ही वाक्यं त्यांना कुठून सुचतात कोण जाणे. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी खोल बोलले. थोडं खणून बघितलं की खाली काहीच नसतं.

त्या रात्रीची खरकटी भांडी अक्का आणि मी घासत होतो. जेठ बाहेरच्या खोलीत कुणाला तरी फोनवर हॉलबद्दल विचारत होते. अक्का एकदम म्हणाली, "माझ्या दोघीही टाकायच्या अशीच पावलं."

मी हात थांबवला. "मग सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं होतं ना. थोरली झाली तेव्हा मी हौसेने दाखवलं यांना. म्हटलं, बघा, पोरगी चालते." तिने तवा पालथा घातला. "म्हणाले, पोरीच्या जातीला आत्तापासून नाचायला शिकवू नको."

ती हे रडून बोलली असती तर बरं झालं असतं. भाव विचारल्यावर भाव सांगावा तशा आवाजात बोलली. इतके दिवस मला जेठ मूर्ख वाटत होते, आणि मूर्ख माणसाचा राग राग करता येतो, पण त्याच्यावर हसूही येतं. त्या क्षणापासून हसू गेलं. आपल्या घरात तीन बाळं एकसारखीच जन्मली, एकसारखीच पावलं टाकत होती, आणि त्यातल्या एकाचाच चमत्कार झाला, तो का झाला हे सांगायला फार शिकलेलं माणूस लागत नाही. आणि ज्या बाईने तो व्हिडिओ काढला तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

हॉलबद्दलचा फोन म्हणजे नव्या वर्गाच्या उद्घाटनाची तयारी होती. तान्ह्या बाळांसाठी वर्ग! कॉलनीच्या चौकात फलक लागला. त्यावर माझा मुलगा कोट, टाय आणि गॉगल घालून दोन पायांवर उभा, शेजारी त्याच्याहून उंच चषक, आणि वर "जन्मजात चालणारा बालक" अशी अक्षरं. बाळाचं फक्त तोंड खरं होतं. धड कुठल्या तरी शाळकरी मुलाचं होतं.

मी नवऱ्याला म्हणाले, "तो आता पाय टाकत नाही. आणि टाकत असता तरी मी त्याला स्टेजवर नेऊ देणार नव्हते."

नवरा पॅसेंजरने दमून आलेला, बूट काढत होता. "एका दिवसाचा प्रश्न आहे. दादाने हॉल घेतलाय, माजी नगरसेवक येणार आहेत. आपण नाही म्हटलं तर कसं दिसेल?"

"आणि त्याने पाय टाकले नाहीत तर कसं दिसेल?"

"टाकेल गं."

हे तो बुटाच्या नाडीकडे बघून म्हणाला. पोराकडे बघून म्हणाला असता तर निदान त्याला दिसलं तरी असतं.

नेऊ देणार नव्हते असं म्हणाले खरं, पण गेले. मी गेले नसते तर त्यांनी बाळाला माझ्याशिवाय नेलं असतं, आणि मान सावरायला तिथे एकही भरवशाचा हात नव्हता. हॉल खच्चून भरला होता. मार्चातली दुपार, पंखे गरम हवा ढवळत होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तरुण आयाबाप, मांडीवर बाळं, काही इतकी कोवळी की त्यांच्या कानांवरची लव गेली नव्हती. शिकलेली माणसं होती. शिक्षक, बँकेतले, दूरसंचारवाले. या सगळ्यांनी कॉलेजच्या पायऱ्या झिजवलेल्या, आणि फलकावरच्या त्या गॉगलला भुलून ते भर उन्हात तान्ही पोरं घेऊन आले होते. मला जेठांपेक्षा त्यांचीच जास्त कीव आली. कीव म्हणणंही फार सौम्य झालं.

माजी नगरसेवकांचं भाषण झालं. त्यात बाळ सोडून सगळं होतं. मग जेठांनी माइक घेतला.

"मित्रांनो, जगात दोन प्रकारची बाळं असतात…"

टेबलावर लाल मखमल अंथरली होती. त्यांनी खाली येऊन माझ्या मांडीवरून बाळाला घेतलं आणि स्टेजवर नेऊन वर धरलं. समोर शंभर मोबाइल उठले. जेठांनी त्याला मखमलीवर टेकवलं. पाय वर गेले. पुन्हा टेकवलं, पुन्हा वर. तिसऱ्यांदा त्यांनी जरा दाबून टेकवलं तर गुडघे घडी झाले आणि बाळ मखमलीवर बसल्यासारखं लोंबकळलं. डोकं पुढे झुकलं.

"बाळ आज जरा मूडमध्ये नाही," जेठ म्हणाले. लोक हसले. "लेफ्ट… राइट… एक मिनिट… लेफ्ट…"

बाळाने त्यांच्या नव्या कुडत्यावर दूध ओकलं आणि टाहो फोडला.

मी स्टेजवर चढले, त्याला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. जेठांनी रुमालाने कुडता पुसत माइकमध्ये म्हटलं, "मित्रांनो, आईचं सहकार्य नसेल तर काय होतं, हे आपण आत्ता पाहिलं."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी खाली बघितलं. नवऱ्याने पंख्याकडे बघितलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली. अगदी मुलगीच होती, पिवळी साडी, मांडीवर महिन्याचं असेल-नसेल असं बाळ. ती म्हणाली, "सर, माझी करते बघा." आणि तिने ते बाळ पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या बैठकीवर उभं केलं. त्या तान्ह्या पोरीने पाय उचलला. एक, दोन, तीन. टपोऱ्या डोळ्यांनी समोर बघत, कुणाचीही पर्वा न करता.

"माझापण!" दुसरी एक बाई म्हणाली. तिचा नवरा खुर्ची रिकामी करून उभा राहिला. मग आणखी एक. कुणाच्या आजीने बाळाला कडेच्या बाकावर धरलं. ज्यांची बाळं मोठी होती त्यांची पाय आखडून घ्यायची आणि आया खट्टू व्हायच्या. ज्यांची अगदी लहान होती ती पावलं टाकायची. सगळा हॉल टाचा आणि टोप्यांनी भरून गेला. मी बाळाला खांद्यावर थोपटत उभी होते, आणि मला, खरं सांगते, फार आनंद झाला. मनात म्हटलं, संपलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आता खुर्च्याखुर्च्यांवर उभं आहे, आता हा माणूस काय बोलणार?

जेठांनी हॉलभर एकदा नजर फिरवली. मग त्यांनी माइक तोंडाजवळ नेला आणि दुसरा हात पसरला.

"पाहिलंत? पाहिलंत, मित्रांनो? हेच मला दाखवायचं होतं! ही प्रतिभा प्रत्येक बाळात आहे! फक्त ती टिकवायला योग्य मार्गदर्शन हवं. ते वेळेवर मिळालं नाही तर काय होतं" आणि त्यांनी माझ्या खांद्यावर रडणाऱ्या माझ्या पोराकडे हात केला, "तेही तुम्ही पाहिलंत."

टाळ्या पडल्या. माजी नगरसेवकांनीही वाजवल्या. ज्या आयांनी आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की कुठलाही वर्ग न लावता त्यांचं बाळ पाय टाकतंय, त्याच आया टेबलासमोर नाव नोंदवायला रांग लावून उभ्या राहिल्या. पिवळ्या साडीवाली सगळ्यात पुढे.

घरी येऊन मी बाळाचे कपडे बॅगेत भरले. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "एवढं काय मनावर घ्यायचं? दादा तुझ्या पोराचंच नाव मोठं करत होता."

"आई, त्याला अजून नावाचं ओझं पेलत नाही. डोक्याचंच पेलायला शिकतोय."

नवऱ्याने विचारलं, "किती दिवसांसाठी जातेस?"

"तू ठरव," मी म्हणाले. "नरडाणा धुळ्याहूनही जवळच आहे."

जाताना चौकातल्या फलकाखालून रिक्षा गेली. मी वर पाहिलं नाही.

धुळ्याला आईने गोधडी अंथरली आणि बाळाला त्यावर टाकून ती आपल्या कामाला लागली. तिच्या मते तान्ह्या बाळाला यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि मलाही ते पटलं. काही आठवड्यांत तो कोपरांवर भार देऊन छाती उचलू लागला. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून तासन्‌तास बघायचा, उलटा करून, सुलटा करून, सोनार दागिना पारखतो तसा. मग तो हात एक दिवस खुळखुळ्याकडे गेला, चुकला, पुन्हा गेला, पुन्हा चुकला, आणि शेवटी लागला. ती धडपड ढोलताशांवर कुणी दाखवली नाही. पालथा झाला तेव्हा एक हात पोटाखाली अडकला आणि स्वतःच्याच पराक्रमावर तो रडला. आई म्हणाली, "आते बठ्ठा घर फिरी हाऊ." त्याला घरभर फिरायला अजून अवकाश होता, पण आईला घाई नव्हतीच, नुसता आनंद होता.

नवरा उन्हाळाभर जळगाव-धुळे-नरडाणा असा फिरला. शेवटी त्याने धुळ्यातच, देवपुरात, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. याचं श्रेय मी त्याच्या विवेकाला देत नाही, पॅसेंजरच्या गर्दीला देते. पण एका रविवारी तो गोधडीवर पोरासमोर पालथा पडला होता आणि दोघं एकमेकांकडे बघत होते, ते मी पाहिलं, आणि त्या दिवशी त्याला काही बोलले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अक्का दोघी मुलींना घेऊन आमच्याकडे राहायला आली. जेठ आले नाहीत. त्यांना वेळ नव्हता. तोवर माझा मुलगा बसत होता, रांगत मात्र नव्हता. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत खोलीभर फिरायचा. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, काही मुलं अशीच जातात, जाऊ द्या. अक्काच्या मुली त्याच्यासमोर तशाच सरकत होत्या आणि तिघंही खिदळत होती.

मी अक्काला विचारलं, "तान्ह्यांच्या वर्गाचं काय झालं?"

तिने हातातली करंजी ताटलीत ठेवली. "बंद पडली की ती बाळं. एकामागून एक. दोन-अडीच महिन्यांची झाली की पाय वर. आयाबाप भांडायला आले. म्हणाले, सर, आमचं बाळ विसरलं."

"मग?"

"मग काय. यांनी सांगितलं, अभिनंदन, तुमच्या बाळाची पहिली लेव्हल पूर्ण झाली." तिचा आवाज थरथरायला लागला. "प्रमाणपत्रं दिली गं सगळ्यांना! फ्रेम करून! आणि पुढची लेव्हल मान धरण्याची म्हणून सुरू केली."

आणि ती हसायला लागली. मी अक्काला कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुली खेळायच्या थांबल्या आणि आईकडे बघत राहिल्या. माझंही हसू फुटलं. हसता हसता माझ्या मनात आलं की हा माणूस कधीच बुडणार नाही. बाळं आपापल्या वेळेला मान धरणार, वळणार, बसणार, उभी राहणार, आणि प्रत्येक वेळी तो शेजारी उभा राहून म्हणणार, मीच केलं. जिची मोट आपोआप भरते त्या विहिरीवर बसून पाणी विकणाऱ्याला तोटा कसला?

हसू ओसरल्यावर अक्काने डोळे पुसले. "परवा एक बाई आली होती नाव घालायला. हे नव्हते घरात. तान्ही पोरगी होती तिच्याजवळ. मी म्हटलं, घरी जा, गोधडीवर पालथी टाक आणि समोर बस. झालं. तेवढंच शिकवायचं असतं."

"मग?"

"गेली. यांना कळलं. तिनेच फोन करून विचारलं असणार, मॅडम असं म्हणाल्या ते खरं का." अक्काने करंजीचा तुकडा मोडला आणि सरकत सरकत तिच्या पायाशी आलेल्या माझ्या मुलाच्या हातात दिला. "तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. इतकं बरं वाटतंय घरात, काय सांगू."